तुळशीरामचा हातगुण

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. समुद्राकाठच्या राखीव रानात कासवाच्या एका घरट्यातली अंडी मेली, ती माझ्या हातानं. तुळशीराम मात्र शेवटपर्यंत समजत राहिला की ती त्याच्या हातानं मेली, आणि मी त्याला तसं समजू दिलं. माझ्या एका वाक्यानं त्याचं ओझं उतरलं असतं. ते वाक्य मी बोललो नाही... आता तो नाही. ज्यांनी तुळशीरामला पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, कासवाची काही पिल्लं जन्मली नाहीत, यात एवढं काय आहे. म्हणून तो कोण होता हे सांगायला हवं. तो गेल्याला आता काही आठवडे झाले, आणि पेपरासाठी त्याच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्या ओळीत हेच येतं. बाजूला सारून पाहिलं, पण पुढचं काही सुचेना.

डुलीचंदचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. डुलीचंद आमच्या गावचा, नवेगाव बांधच्या बाजूचा. मी नोकरीपायी गोंदियात आलो, लगतच्या कुडव्यात घर बांधलं. गावात काही झालं की पहिला फोन त्याचाच. "रमेसभाऊ, तुळशीराम गेला ना बा," तो म्हणाला. "कोठं गेला?" मी विचारलं. खरंच विचारलं. नळ सुरू होता, हात साबणाचे होते, आणि तुळशीराम कुठं ना कुठं जातच असायचा... डुलीचंदनं मग नीट सांगितलं, दुपारी जेवला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेला, मोहाच्या बुडाशी बसला. बायका धुणं घेऊन परतताना त्यांना तो दिसला, त्यांना वाटलं डोळा लागला असेल. मी नळ बंद केला. माझ्यासमोरच्या कपाटात काचेच्या बरण्या आहेत, त्यांत कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू दिवसागणिक कसं वाढतं ते औषधात बुडवून ठेवलेलं आहे. त्या बरण्यांकडे मी गेली काही वर्षं पाहणं टाळत आलो होतो. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहतच उभा राहिलो.

तुळशीराम माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा. तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातला, थोडी धानाची शेती, दोन बैल, बायको सगुणावहिनी आणि एक मुलगी वैशाली. दिसायला उंचापुरा, जरासा वाकलेला, बोलणं कमी आणि जे बोलेल ते तिरकं. पण आमच्या पंचक्रोशीत तो ओळखला जायचा त्याच्या हातगुणासाठी. हातगुण आमच्याकडे अजून मानतात. कुणाच्या हातानं पेरलेलं उगवतं, कुणाच्या हातानं लावलेलं मरतं, हे लोकांनी पाहून ठेवलेलं असतं, आणि ज्याचा हात चांगला त्याला पहिल्या कामाला बोलावतात. पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचं असलं की धानाची पहिली मूठ तुळशीरामनं टाकायची. वांग्या-मिरचीचं रोप त्यानं लावायचं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची असली की म्हाताऱ्या बायका त्याला दारावरून हाक मारायच्या, "ये ना बावा, तेवढा हात लाव." तो टोपलीत राख आणि धानाचा कोंडा पसरायचा, एकेक अंडं उजेडाकडे धरून ठेवायचा आणि उठताना कोंबडीला म्हणायचा, "आता माहा काम झाला, तुहा पाह्य." कोणी चहा दिला तर प्यायचा. एरवी तसाच निघून जायचा. त्या कामाचं त्यानं कधी कौतुक करून घेतलं नाही, पण बोलावणं आलं की जेवणावरूनही उठायचा.

सारस पक्षी त्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, घरटं करायचे. आमच्या जिल्ह्यात हे उंच, लाल मानेचे पक्षी अजून टिकून आहेत ते अशा काही शेतकऱ्यांमुळेच. एका वर्षी पाणी फार झालं. तलाव सांडला आणि तुळशीरामची बांधी काठोकाठ भरली. सारसाचं घरटं बुडायला आलं होतं. तुळशीराम मांडीभर पाण्यात शिरला, मी मागं छत्री घेऊन. सारस दूर उभा राहून ओरडत होता. तुळशीरामनं दोन्ही अंडी उचलून दुपट्ट्यात घेतली आणि माझ्याकडे दिली. मग भाताच्या तणसाचे पेंडके खाली सारून घरटं वर उचललं आणि अंडी परत ठेवली. असं करू नये, पक्षी टाकून जातात, असं नंतर वनखात्याच्या माणसांनी सांगितलं. पण सारस परत आला, बसला, आणि दोन्ही पिल्लं निघाली. त्यानंतर तर तुळशीरामच्या हाताची गोष्ट गोंदियापर्यंत गेली. मी छत्री धरणारा. गोष्ट सांगताना लोक म्हणत, संग रमेशही होता.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे असं मला वाटतं. मला त्याचा मत्सर वाटायचा. भांडावं इतका नाही, पण वाटायचा. मी शिकलो, नोकरीला लागलो, तरी आमच्याच घरी आई कोंबडी बसवायला तुळशीरामला बोलवायची. मी तिथंच खाटेवर बसलेला असायचो.

गावात पक्षी आणि तलाव राखणाऱ्यांची एक समिती होती. मी कुडव्याहून दर रविवारी गाडीनं जायचो म्हणून माझंही नाव तीत होतं. काही वर्षांपूर्वी धान कापून, चुरून झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी त्या समितीचा अभ्यास दौरा निघाला, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एका राखीव रानात. तिथं समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं ती राखतात, ते आम्ही पाहावं असा हेतू. गोंदियाला गाडीत बसलो. डुलीचंदनं लगेच डबे उघडायला लावले, ते खाणं थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, मी सोडून. मीही एकदाच, मुंबईला, लग्नाला गेलो असताना, गर्दीतून.

त्या रानात आधी होडीनं जावं लागतं. खाडीचं पाणी मातकट आणि दोन्ही काठांना चिखलात उभं असलेलं दाट जंगल, ज्याची मुळं जमिनीतून भाल्यांसारखी वर आलेली. तुळशीराम कितीतरी वेळ त्या मुळांकडे पाहत होता. मग म्हणाला, "हे का बा, झाड उलटं लावलं का कोणी?" चिखलात मगर पडली होती, तोंड उघडं टाकून. डुलीचंदनं हात जोडले. थोडं पुढं झाडांमधून चितळांचा कळप दिसला तेव्हा आमच्या लोकांना परदेशात गावचा माणूस भेटावा तसा आनंद झाला. "हे त आपलेच होय," तुळशीराम म्हणाला, "इकडं नोकरीले आले दिसते." होडीवाला हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तुळशीरामचा चेहरा पाहून माणूस हसायचाच.

मग सुरूची झाडं संपली आणि समुद्र आला. वाळूवर लाल खेकड्यांची नुसती चादर पसरली होती. पाऊल टाकलं की सगळी जमिनीत गडप, थांबलं की पुन्हा वर. तुळशीराम पाण्यापर्यंत गेला, ओंजळ भरून चाखलं आणि थुंकला. "एवढं पाणी, अन् एका बांधीच्या कामाचं नाई," तो म्हणाला. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "रमेस, याची पाळ कोठं आहे?" मी म्हटलं, याला पाळ नसते. तो म्हणाला, "मंग धरून काय ठेवते याले?" आम्ही सगळ्यांनी चपला पाण्याच्या कडेला काढून ठेवल्या होत्या. तलावाचं पाणी जागचं हलत नाही ना. परत येऊन पाहतो तर डुलीचंदची एक चप्पल लाटेनं नेलेली. "अरे, घेऊन गेला ना बा! तलाव का चोरी करते?" तो ओरडला. तुळशीराम म्हणाला, "दुसरी पण टाक. एकीचं तो तरी का करीन?"

किनारा राखणारा तिथला एक माणूस आमच्याबरोबर होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. किडकिडीत, कमी बोलणारा, मोडक्या हिंदीत समजावणारा. त्यानं घरटी दाखवली. घरटं म्हणजे वाळूच. वर काही दिसत नाही, खाली हातभर खोल खड्ड्यात अंडी असतात आणि खुणेला बांबूची काडी रोवलेली. "छूना मना है," तो म्हणाला. का मना ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाण्याच्या सगळ्यात जवळच्या घरट्यापाशी लाटांनी वाळू कापून काढली होती, भिंतीसारखी. संध्याकाळी दादा पुढं निघून गेला होता. त्या कापलेल्या वाळूतून एक अंडं खाली घरंगळलं होतं. पांढरं, मऊसर, खेळातल्या चेंडूसारखं. तुळशीरामनं ते उचललं, फुंकर मारून वाळू काढली, भोक होतं तिथं परत सारलं आणि वरून वाळू थापली. मी पाहत होतो. "सांगू का त्याले?" त्यानं मला विचारलं. "राहू दे," मी म्हटलं, "कायले उगाच?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी परसाकडे म्हणून एकटाच किनाऱ्याकडे गेलो. पाणी आदल्या दिवशीपेक्षा बरंच वर आलं होतं. ते घरटं आता चार पावलांवर होतं. मला बांधीतलं सारसाचं घरटं आठवलं. पाणी चढलं की घरटं उचलायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. आणि दुसरंही आठवलं... की या वेळी मी एकटा आहे, छत्री धरायला नाही. मी हातांनी वाळू उपसली. अंडी एकावर एक रचलेली होती, पुष्कळ. ती दुपट्ट्यात काढून घेतली, खड्ड्यात कोरडी वाळू भरून तळ वर उचलला आणि अंडी परत ठेवली. ठेवताना प्रत्येक अंडं उलटं केलं. आपल्याकडे कोंबडी तेच करते, चोचीनं अंडी उलथत राहते. जी उलथत नाही तिची अंडी नासतात, हे आमच्याकडचं पोरही सांगेल. दिवस झाले असतील, बिचाऱ्यांना कुणी उलथलं नसेल, असं मला वाटलं. हो, दया आली होती. वाळू सारखी केली, काडी रोवली. थोड्या वेळानं चढत्या पाण्यानं माझी पावलं पुसली, पण पाणी घरट्यापर्यंत पोचलं नाही. थोडं अलीकडूनच फिरलं. त्या दिवशी घरट्याला माझ्या हाताची गरजच नव्हती...

निघताना तुळशीरामनं दादाचा हात धरला आणि त्या काडीकडे बोट दाखवलं. "दादा, इसका क्या हुआ वो मेरे को फोन करके बताना. जरूर बताना." त्याच्या हातातलं अंडं त्यात होतं, त्याचा जीव अडकला होता. मीही त्या फोनची वाट पाहणार होतो. मनात ठरवून ठेवलं होतं की फोन आला, पिल्लं निघाली असं कळलं, की सगळ्यांसमोर सांगायचं, ते घरटं उचललं होतं मी.

फोन आला तेव्हा आमच्याकडे तेंदूपानाचे दिवस होते. रविवार होता, मी गावातच होतो. तुळशीरामच्या अंगणात सगुणावहिनी आणि वैशाली विडीच्या पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. तुळशीरामनं फोनचा आवाज मोठा केला, मला खुणेनं जवळ बोलावलं. पलीकडून दादा म्हणाला, "भैया, बाकी सब निकल गए. आपवाला नहीं निकला." तुळशीरामनं विचारलं, म्हणजे अजून निघायचे आहेत? "नहीं. खोल के देखा. सब खराब. किसी ने हाथ लगाया होगा." अंगणात पुडे बांधायचा आवाज थांबला. तुळशीराम म्हणाला, "हाथ तो मैंने लगाया था, दादा. एक अंडा बाहर आया था... मैंने अंदर डाला." मग तो भला माणूस म्हणाला, "एक सड़ गया तो कभी-कभी बाकी भी सड़ जाते हैं. आप दुख मत करो." तुळशीरामनं फोन खाली ठेवला आणि आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या ना. कासवं होती, माणसं थोडीच होती?"

मी त्याच्या शेजारी होतो. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो. लाज वाटली असं लिहायला बरं दिसलं असतं. मला हायसं वाटलं. चूक कुणीतरी पत्करली होती, माझ्या वाट्याला काही उरलं नव्हतं. वाटलं, कदाचित खरंच त्याच्या एका अंड्यानंच झालं असेल. हा "कदाचित" मी बरेच दिवस उराशी धरून ठेवला. मग कॉलेज उघडल्यावर एकदा जीवशास्त्राच्या सरांना सहज विचारावं तसं विचारलं, "सर, कासवाचं अंडं उलटं केलं तर काय होते?" सरांनी बरणीतलं कोंबडीचं पिल्लू दाखवत सांगितलं की पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन्हीकडून दोऱ्यांनी बांधल्यासारखा असतो, अंडं फिरलं तरी जीव वरच राहतो. कासवाच्या अंड्यात तसं नसतं. घातल्यावर काही तासांत जीव वरच्या बाजूला चिकटतो, मग फिरवलं की संपलं. "काऊन, कासवं पाळून राहिले का रमेशभाऊ?" त्यांनी हसून विचारलं. मीही हसलो... बरणी कपाटात परत ठेवली आणि दार लावून घेतलं.

पाऊस लागला, पऱ्ह्यांचे दिवस आले. शेजारचा शेतकरी पहिली मूठ टाकायला तुळशीरामला बोलवायला गेला तर तो म्हणाला, "दुसऱ्याले ने. माहा हातगुण गेला." लोकांना आधी ती त्याची थट्टा वाटली. मग कोंबडी बसवायला आलेल्या म्हातारीला त्यानं दारातूनच परत पाठवलं. "मी हात लावला का नासते, आजी. तुहं नुकसान कायले करू?" म्हातारी चिडली, "मोठा आला! समुद्र का पाहून आला, भाव वाढला!" तो नुसता हसला. पुढं सारसानं त्याच्या बांधीत पुन्हा घरटं केलं. तो बांधावर उभा राहून पाहायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधून. ती त्याची सवय होऊन गेली. घरातल्या रोपालाही पाणी वहिनीच घालायच्या. माणूस तोच होता, तिरकं बोलायचा, हसवायचा, बैल हाकायचा. पण जिथं काही नवं, नाजूक, उगवणारं असेल तिथं त्याचे हात मागं जायचे.

मला सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही. दर रविवारी मिळत होती. एकदा पाळीवर आम्ही दोघंच बसलो होतो. तो म्हणाला, "रमेस, तू पाह्यलं होतं ना, मी कसं ठेवलं ते? जोरात थापली का वाळू मी?" मी म्हटलं, नाही, हळूच थापली होती. "मंग काऊन झालं असन?" मी म्हटलं, "समुद्राचं आपल्याले का समजते?" त्यानं मान हलवली. एवढं जवळ आलं होतं ते. ओठांवर नव्हतं आलं असं नाही... पण पहिल्या दिवशी जे चार शब्दांत सांगता आलं असतं त्याला आता इतके महिने चिकटले होते. आता मला अंड्यांचं सांगावं लागलं असतं आणि गप्प राहिल्याचंही. दुसरं जास्त अवघड होतं.

दोन वर्षांपूर्वी वैशालीला मुलगी झाली. वैशालीला तिरोड्याकडे दिलेली आहे, बोदलकसा तलावाच्या वाटेवरच्या एका गावात. बाळंतपणाला ती माहेरी आली होती, बारसं आमच्याच गावी झालं. मी बायकोला घेऊन गेलो होतो. बायकांनी पाळणा म्हटला, नाव ठेवलं, आणि वैशाली बाळ घेऊन ओसरीवर आली. तुळशीराम नवा सदरा घालून खाटेवर बसला होता. "बाबा, घ्या ना," ती म्हणाली आणि बाळ पुढं केलं. त्याचे हात पाठीमागे गेले. "तिले तुह्यापाशीच राहू दे. नाजूक जीव आहे," तो म्हणाला. कुणीतरी बाई म्हणाली, "अहो, घ्या की, आजोबा झाले तुमी!" तेव्हा त्यानं मांडी घालून पुढं शाल पसरली, आणि वैशालीनं बाळ शालीवर ठेवलं. तो वाकून तिच्याकडे पाहत राहिला, श्वास रोखल्यासारखा. बाळानं हात वर केला, त्याच्या सदऱ्याची गुंडी धरली. त्यानं बोटसुद्धा पुढं केलं नाही. "उचल, वैशू, उचल तिले," तो घाईनं म्हणाला. वैशालीनं बाळ उचललं आणि आत गेली. तिचा चेहरा मी पाहिला. तो मला तेव्हा नीट कळला नाही. मी तुळशीरामकडेच पाहत होतो, त्याचे डोळे भरले होते. त्या दिवशी मी गाडी काढली आणि बायकोला म्हटलं, डोकं दुखते, जेवायला थांबू नको. ती वाटभर रागावली होती, भरल्या घरून उपाशी निघालो म्हणून.

तेरवीला गेलो. अंगणात मंडप होता, पंगती उठत होत्या. सगुणावहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तुमची लई याद काढायचे." मी खाली मान घालून बसलो. मग मागच्या दारी हात धुवायला गेलो तर तिथं वैशाली होती. तिची मुलगी तिच्या कडेवर, आता चांगली मोठी झालेली, तिच्या वेणीशी खेळत होती. वैशाली मला म्हणाली, "काका, तुम्ही बाबाच्या सगळ्यात जवळचे होते. एक विचारू?" मी म्हटलं, विचार. ती म्हणाली, "बाबानं माह्या पोरीले कधी हातात घेतलं नाई. दोन वर्षं झाले, एकदा पण नाई. मी माहेरी येणं कमी केलं त्याच्याच पायी. मुलगी झाली म्हणून रुसले होते का ते? आईले विचारलं त आई म्हणते, तुहा बाप तसाच होय..." तिचा आवाज चढला नव्हता. ती इतके दिवस हे मनात ठेवून तयार होऊन विचारत होती.

मी म्हटलं, "नाही गं. तसं नव्हतं."

"मंग कसं होतं?" तिनं विचारलं.

तेवढ्यात कुणीतरी पाण्याची बादली मागायला आलं. मी बाजूला झालो, मग आणखी बाजूला झालो, आणि गाडी लावली होती तिथं पोचलो. कुडव्यापर्यंत कसा आलो ते आठवत नाही. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्या गप्प राहण्याची झळ तुळशीरामला लागली आणि तो गेला, आता जे आहे ते माझं माझ्यापाशी. ते तसं नाही. ती झळ एका मुलीपर्यंत गेली आहे. आपल्या बापाला आपली लेक नकोशी होती, असं समजून ती बसली आहे. उद्या ती आपल्या मुलीलाही तेच सांगेल, तुझ्या आजानं तुला कधी घेतलं नाही.

हे लिहून मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. लिहिणं सोपं गेलं, वाचणारे तुम्ही मला ओळखत नाही. वैशालीच्या घरी पेपर येत नाही आणि आला तरी अशी गोष्ट तिनं पेपरात वाचावी हे बरोबर नाही. तिचं गाव माझ्या घरापासून गाडीनं तासाभराच्या वाटेवर आहे. गेल्या रविवारी मी तिरोड्यापर्यंत गेलो, टपरीवर चहा प्यायलो आणि परत आलो.

मी वैशालीच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. तिच्या समोर बसून, तिच्या मुलीच्या देखत सांगायला हवं, की तिच्या बापाच्या हातानं काही मेलं नव्हतं, ते माझ्या हातानं मेलं, आणि तिच्या मुलीला त्यानं जपण्यापायीच हात लावला नाही. ते उत्तर मी अजून दिलेलं नाही.